बावीस मिनिटांचा अपूर्णांक

माझा पहिला शैक्षणिक व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. २०२० चा जून. शाळा मार्चपासून बंद. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीजवळ. मी अंगणात फळा टेकवला, मोबाईल खुर्चीच्या पाठीला दोरीनं बांधला आणि पाचवीचा अपूर्णांकाचा अख्खा घटक एका दमात शिकवून टाकला. अंश, छेद, सममूल्य अपूर्णांक, लहान-मोठेपणा, बेरीज, वजाबाकी, सगळं. ग्रुपवर टाकल्यावर पालकांचे भराभर अंगठे आले. मी खूश.

चार दिवसांनी एका पोराला फोन लावला.

"व्हिडिओ बघितलास का?"

"दोनदा बघितला सर. तुमच्या मागून शेळी गेली."

"बरं, एक तृतीयांश मोठा का एक पंचमांश?"

"एक पंचमांश. पाच मोठे असतेत ना."

लहान-मोठेपणा मी चौदाव्या मिनिटाला सांगितला होता, पाठीमागच्या शेळीसकट. शेळी लक्षात राहिली.

आता नव्यानं व्हिडिओ करू लागलेले शिक्षक मित्र विचारतात की माइक कुठला घ्यावा, एडिटिंगला ॲप कुठलं. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, हातात असेल त्या ॲपवर काम भागवा. त्यात फार जीव घालू नका. व्हिडिओ फसतो तो बहुतेक वेळा रेकॉर्डिंगच्या आधीच फसलेला असतो, उद्दिष्टाच्या ओळीत, म्हणजे बघणाऱ्याला शेवटी काय यायला हवं हे जिथं लिहितो तिथं.

डी.एड. झालेल्यांना ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ आठवत असतील. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने आखायचे आणि लिहायचं: ‘विद्यार्थ्यास अपूर्णांक या संकल्पनेचे आकलन होण्यास मदत करणे.’ मी वर्षानुवर्षं टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीत, हेच लिहिलं, आणि तपासणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यावर सही केली. या वाक्यातला ‘अपूर्णांक’ काढा आणि ‘कोन’ घाला. ‘प्रकाशसंश्लेषण’ घाला. वाक्य जागचं हलत नाही. विषय बदलूनही जे वाक्य तसंच उभं राहतं, ते उद्दिष्ट नाही. ती टाचणाची भरती आहे.

वर्गात असलं ढिसाळ उद्दिष्ट चालून जातं, कारण समोर तोंडं दिसतात. तिसऱ्या बाकावरचं पोरगं भुवया चढवतं आणि आपण न सांगता मागं येतो, दुसरं उदाहरण देतो. व्हिडिओला भुवया दिसत नाहीत. वर्गात ऐनवेळी जी डागडुजी करतो, ती इथं आधीच करून ठेवावी लागते.

रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९६२ साली उद्दिष्टं कशी लिहावीत यावर एक छोटं पुस्तक काढलं. त्यांची मागणी तीन गोष्टींची: शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत बरोबर आलं म्हणजे आलं म्हणायचं. बेंजामिन ब्लूम यांचं शैक्षणिक उद्दिष्टांचं १९५६ चं वर्गीकरण तर आम्हा शिक्षकांनी पाठच केलेलं असतं. ते २००१ मध्ये सुधारलं, तेव्हा ‘ज्ञान’, ‘आकलन’ ही नामं काढून ‘आठवणे’, ‘समजणे’ अशी क्रियापदं आली. माझ्या मते तेवढ्यानं व्हिडिओवाल्याचं भागत नाही. ‘समजेल’ हे क्रियापद असलं तरी ते डोळ्यांना दिसत नाही. ओळखेल, मोजेल, लिहील, निवडेल, चूक दाखवेल, ही दिसतात.

शेळीच्या प्रकरणानंतर मी उलटीकडून सुरुवात केली. आधी चूक शोधली. सहा-सात लेकरांना फोनवर विचारलं, तर बहुतेकांची चूक एकच निघाली: छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा. मग पाच जोड्या काढल्या. एक तृतीयांश आणि एक पंचमांश, एक अष्टमांश आणि एक षष्ठांश, अशा. त्याखाली लिहिलं:

‘व्हिडिओ पाहिल्यावर, अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता हे लेकरू चित्राशिवाय ओळखेल. पाचपैकी चार जोड्या बरोबर. आणि का, ते एका वाक्यात सांगेल.’

शेवटचा ‘का’ हौसेनं घातलेला नाही. दोनातून एक निवडायचं असलं की नुसत्या अंदाजानंही बत्तीसपैकी सहा वेळा चार किंवा पाच उत्तरं बरोबर येतात. कारण विचारलं की अंदाज उघडा पडतो. आणखी एक गंमत हाती लागली. पाचपैकी शून्य आणणारं लेकरू पाचपैकी दोन आणणाऱ्यापेक्षा मला सोपं जातं. त्याच्या डोक्यात नियम पक्का असतो, फक्त उलटा.

ही ओळ लिहिल्यावर बावीस मिनिटांची चार झाली. बेरीज-वजाबाकी गेली, सममूल्य गेले, ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’ गेलं. उरल्या दोन सारख्या भाकरी. एकीचे तीन वाटे केले, दुसरीचे पाच. अर्धी भाकर मोठी का चतकोर, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. ते कागदावरच्या एक छेद दोन आणि एक छेद चारपर्यंत नेऊन जोडलं की झालं. कापून टाकताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू? सममूल्य अपूर्णांकाचा तक्ता मी रात्री जागून रंगवला होता.

मेगर यांची ‘परिस्थिती’ मात्र मला कळली ती दिवाळीनंतर. दरवर्षीसारखी तीन-चार घरं ऊसतोडीला गेली, त्यांच्यासोबत लेकरंही. एका मुलीला तिच्या वडिलांच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. त्यात मी म्हणत होतो, ‘वहीत दोन वर्तुळं काढा.’ रात्री तिचा आवाजातला मेसेज आला, "सर, वही गावाकडंच राह्यली. कोपीत उजेड बी नाही." कोपी म्हणजे ऊसतोडीवरची तात्पुरती झोपडी. माझ्या उद्दिष्टात वही गृहीत होती, टेबल गृहीत होतं, दिवसाचा उजेडही गृहीत होता. पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी हातात सुतळीचे दोन सारखे तुकडे होते, एकाच्या तीन घड्या, दुसऱ्याच्या पाच. बोटांनी चाचपून कळेल असं. उद्दिष्टाच्या ओळीत ‘वही-पेन्सिलीशिवाय’ हे शब्द घातले. तेव्हापासून लिहिण्याआधी स्वतःला विचारतो: फोन कुणाचा, घरी कधी येतो, बघताना हातात दुसरं काय असतं?

अध्ययन निष्पत्तींबद्दल, म्हणजे त्या त्या इयत्तेत लेकराला काय यायला हवं त्या यादीबद्दल, एक सांगायला हवं, कारण नवखे इथंच अडखळतात. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१७ मध्ये प्राथमिक स्तराच्या निष्पत्ती काढल्या, आपल्याकडंही त्या शाळाशाळांत पोचल्या. कामाच्या आहेत. पण निष्पत्ती ही वर्षभराची मजल असते. ती उचलून तशीच व्हिडिओच्या माथ्यावर चिकटवली की पुन्हा बावीस मिनिटं होतात. एका निष्पत्तीचे चार-पाच तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा व्हिडिओ करा. एखादा तुकडा वर्गात तोंडी होण्यासारखा असेल, तर त्याचा व्हिडिओ करूच नका.

शाळेबाहेरही हेच लागू पडतं. एक कृषी सहायक मित्र मे महिन्यात स्क्रिप्ट घेऊन आला: ‘घरगुती सोयाबीन बियाण्याच्या उगवणक्षमता चाचणीचे महत्त्व.’ सोयाबीनचा इतिहास, मराठवाड्यातलं क्षेत्र, मग महत्त्व, मग आवाहन. मी विचारलं, "बघून झाल्यावर शेतकऱ्यानं काय करायचं?"

"चाचणी."

"मग चाचणी कुठाय ह्यात?"

ती शेवटच्या मिनिटात होती, तीही बोलून दाखवलेली. आम्ही उद्दिष्ट लिहिलं: ‘पाहणारा घरी न निवडता शंभर दाणे घेईल, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडेल, गुंडाळून ओलावा राखेल, कोंब मोजेल आणि एकरी किती किलो बी लागेल ते काढेल.’ शिफारस अशी की सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो. कमी उगवले तर बी वाढवायचं. साठच उगवले तर तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. ‘न निवडता’ हा शब्द मित्रानं घातला. लोक टपोरे दाणे वेचून मांडतात आणि चाचणी खोटी पडते, हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. विषयाच्या माणसाला नेहमीची चूक विचारा. ती उद्दिष्टात बसवा.

किती मिनिटांचा करावा, हाही नेहमीचा प्रश्न. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा मिनिटांच्या पुढं व्हिडिओ कितीही लांबवला तरी लोक टिकण्याचा मधला काळ सहा मिनिटांच्या आतच राहिला. ते ऑनलाइन कोर्सचे विद्यार्थी होते, आमची लेकरं बाप घरी आल्यावर फोन मिळवणारी. म्हणून तो आकडा मी भिंतीवर लावलेला नाही. उद्दिष्ट एकच असलं तर लांबी आपसूक आटोक्यात येते, एवढाच माझा अनुभव.

आणि प्रत्येक व्हिडिओला मोजपट्टी लावू नका. मी गावातल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, तेव्हाही सवयीनं ‘ऐकणारा पाचपैकी चार...’ लिहायला बसलो होतो. लगेच खोडलं.

रेकॉर्डिंगच्या आधी मी उद्दिष्टाची चिठ्ठी मोबाईलच्या स्टँडला चिकटवतो आणि पाच प्रश्न दोन-तीन लेकरांना विचारून घेतो. त्यांना सगळे आले तर व्हिडिओची गरज नाही. आत्ताची चिठ्ठी दशांशाची आहे. ०.५ आणि ०.२५ यांत ०.२५ मोठा म्हणणारी वर्गात अकरा जणं निघाली. कारण एकच, पंचवीस मोठे असतात. पैशांचं उदाहरण घेतलं, पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे. अकरापैकी एकानंही पंचवीस पैशाचं नाणं पाहिलेलं नाही. चिठ्ठी तीन दिवसांपासून अर्धी लिहून पडली आहे.