युनिव्हर्सिटीत टीव्ही न्यूज आणि स्पोर्ट्स शिकवायचंय? पहिले तीन आठवडे कॅमेरा कपाटातच ठेवा

पुण्यात मीडियाचे कोर्स भरपूर झालेत आणि न्यूजरूममधली बरीच मंडळी आता व्हिजिटिंग म्हणून शिकवायला येतात. त्यातल्या दोघातिघांनी विचारलं की सुरुवात कुठून करू, म्हणून मी वर्गात जे करते ते सगळं इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे पोरं कितीही मागे लागली तरी कॅमेरा लगेच देऊ नका. कॅमेरा हातात आला की लक्ष फ्रेमकडे, केसांकडे आणि ड्रोन मिळेल का याच्याकडे जातं आणि बातमी राहते बाजूला. तीन आठवडे फक्त आवाज. फोनवर रेकॉर्डर सगळ्यांकडे असतोच, त्यांना मंडईत पाठवा, स्वारगेटला एसटी स्टँडवर पाठवा, सणस ग्राउंडवर पाठवा आणि एका मिनिटाचा रेडिओ रिपोर्ट मागा. आणि प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता नुसता तिथला आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करायला लावा, कारण एडिटला बसल्यावर दोन बाइट (लोकांच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे) जोडताना मागचा आवाज एकदम तुटतो आणि तेव्हा तो अँबियन्सच वाचवतो.

मग लिखाण. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण पोरं पेपरची भाषा घेऊन येतात. "खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात विसर्ग वाढवण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे." हे वाक्य मोठ्यांदा वाचायला लावा, अर्ध्यात दम लागतो. आता तेच, "खडकवासल्यातून मुठेत जास्त पाणी सोडलंय. भिडे पूल बंद आहे, तिकडून जाऊ नका." ऐकणाऱ्याला आधी काय करायचं ते कळलं पाहिजे, आकडा नंतर. आणि आकडा आला की तो समजावूनही सांगायचा. क्युसेक हा शब्द पावसाळाभर रोज कानावर पडतो पण वर्गात विचारलं तर दोघंतिघंच सांगतात की सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. ज्याला स्वतःला कळलेलं नाही त्याने ते माइकवर बोलू नये, हा नियम मी कडक पाळते. लांबीसाठी मिनिटाला साधारण १२० शब्द धरा, पण घड्याळ लावून वाचून घ्याच, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो.

खेळ वेगळा पेपर म्हणून नंतर शिकवू नका, पहिल्या महिन्यातच आणा. माझं ठाम मत आहे की बातमीदाराला अचूकपणाची सवय खेळ जेवढी लावतो तेवढी दुसरं काही लावत नाही, कारण स्कोअर चुकला की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी दाखवून देतं.

यासाठी माझा आवडता सराव आपल्याच गावातला आहे. २९ फेब्रुवारी १९९६, स्वारगेटचं नेहरू स्टेडियम, वर्ल्ड कपची मॅच, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनिया १६६ ऑल आउट, वेस्ट इंडीज ९३ ऑल आउट, केनिया ७३ रननी जिंकली. ब्रायन लारा ८ वर गेला, केनियाचा कॅप्टन मॉरिस ओडुंबे याने १५ रन देऊन ३ विकेट काढल्या. एवढी माहिती फळ्यावर लिहा आणि ३० सेकंदांची रेडिओ बातमी लिहायला सांगा. बहुतेक जण डाव जसा झाला तसाच पहिल्या इनिंगपासून सुरू करतात. थांबवा आणि विचारा, घरी जाऊन आईला काय सांगशील? तेव्हा बरोबर पहिलं वाक्य येतं, अगं केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं, आपल्या स्वारगेटला! बस, तोच लीड. (या पोरांच्या जन्माआधीची मॅच आहे, त्यामुळे आठवणीवर लिहिता येत नाही, फळ्याकडे बघूनच लिहावं लागतं, हा अजून एक फायदा.)

दुसरा सराव अवघड खेळाचा. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण. माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला, नोकरी मध्य रेल्वेत, सराव बालेवाडीला. पण तीन पोझिशन म्हणजे काय हे ४० सेकंदांत सांगा म्हटलं की वर्ग शांत होतो. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, याच क्रमाने फायनल होते आणि उभ्याने नेम धरणं सगळ्यात कठीण, आणि स्वप्नील वर सरकला तो तिथेच. हे ज्याला सोपं करून सांगता आलं त्याला बजेटही सांगता येईल.

कॉमेंट्रीसाठी टीव्ही म्यूट करून बोलायला लावतात ते ठीक आहे, पण खरी मजा मैदानावर. पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी रेडिओवर क्रिकेट मराठीतून सांगितलं, तो वारसा आपल्याकडे आहे, मग पोरांनी "शॉट मारलेला आहे" एवढ्यावर का थांबावं? कबड्डीला न्या, चढाई, पकड, बोनस, लोण हे शब्द तोंडात बसू देत. कुस्तीसाठी एखाद्या तालमीत न्या, पण आधी वस्तादांची परवानगी घ्या आणि पहिल्या दिवशी माइक काढू नका, नुसतं बसून पैलवानांकडून डाव शिकून घ्या. ढाक कुठली, कलाजंग कुठला हे न कळता बोललं तर समोरचा पैलवान मान फिरवतो, आणि बरोबरच आहे त्याचं. कॉमेंट्री करताना फोनवर दर दोन मिनिटांनी अलार्म लावा आणि अलार्म वाजला की स्कोअर सांगायचाच, कोणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो.

गहुंजेच्या मोठ्या क्रिकेट स्टेडियमवरच्या मॅचच्या मागे लागू नका. विद्यार्थ्यांना तिथला पास मिळणं कठीण, आणि टीव्हीवरचं फुटेज उचलून पॅकेजमध्ये (दृश्यं, बाइट आणि निवेदन जोडून केलेल्या बातमीत) टाकायचं नाही, हक्क दुसऱ्याचे असतात. कॉलेज टूर्नामेंट, बालेवाडीतल्या राज्य स्पर्धा, इथे खेळाडू निवांत बोलतात. खेळाडू लहान असेल तर आईवडील किंवा कोच सोबत हवेतच.

चौथ्या आठवड्यात कॅमेरा काढा. यावर फार लिहीत नाही, व्हाइट बॅलन्स, ट्रायपॉड, लेपल माइक हे लॅबवाले दादा आपल्यापेक्षा छान शिकवतात. फक्त शूट करताना हेडफोन कानात असलाच पाहिजे. आमच्या एका बॅचने अख्खी मुलाखत माइक बंद ठेवून आणली होती, आणि त्या खेळाडूला परत बोलवणं शक्यच नव्हतं.

नंतर दर शुक्रवारी बुलेटिन, ठीक चार वाजता. चार म्हणजे चार, पॅकेज एक्स्पोर्ट व्हायचं असेल तरी सुरू करायचं, अँकरने बाइटशिवाय नुसती बातमी वाचायची. प्रोड्युसर, अँकर, रिपोर्टर, टेलिप्रॉम्प्टर, सगळं आळीपाळीने, नाहीतर दोन देखणी मुलंच वर्षभर अँकरिंग करतात आणि बाकीचे वायरी गुंडाळतात. चारला दहा मिनिटं कमी असताना हातात एक नवीन बातमी द्या आणि रनडाउन (बातम्यांचा ठरलेला क्रम) कोण कसा बदलतं ते बघा.

मार्कांचं मी असं करते की निम्मे मार्क अचूकपणाला, आणि नाव चुकलं तर त्या स्टोरीला शून्य. अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख कळेल असं काही गेलं, घर, शाळा, नातेवाईक, तर बुलेटिन तिथेच थांबवायचं आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ सगळ्यांनी मिळून वाचायचं. मुलांच्या बाबतीत हा कायदा आहे, नुसती वर्गाची शिस्त नाही, हे त्या दिवशी डोक्यात बसतं.

बुलेटिन संपलं की लगेच वीस मिनिटं बसा, सगळं रेकॉर्डिंग परत लावा, आणि पहिल्या वेळी स्क्रीन बंद ठेवून फक्त ऐका.