कायमचं अमेरिकेला यायचंय? आधी नाशिकचं घर राखा

घर विकू नका. निवृत्तीनंतर मुलाकडे-मुलीकडे कायमचं यायचं ठरवणाऱ्या नाशिकच्या काका-काकूंना मी पहिलं हेच सांगते. माझं माहेर पंचवटीचं, संसार सगळा न्यू जर्सीत झाला. नोटप्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून, सातपूरच्या कंपन्यांतून निवृत्त होऊन इकडे आलेली माणसं मी वर्षानुवर्षं जवळून पाहते आहे.

इंदिरानगरातल्या एका जोडप्याला मुलगा म्हणाला, "बंद घराचा मेंटेनन्स कशाला भरत बसायचा?" फ्लॅट विकला, पैसे मुलाच्या इथल्या घराच्या डाउन पेमेंटला गेले. दुसऱ्या हिवाळ्यात काकांचं मन उडालं. सून चांगली, भांडण कसलंच नाही. पण भाजीला फोडणी द्यायची तरी काकू आधी धुराचा अलार्म बघणार, मग सुनेची मीटिंग चालू आहे का ते बघणार. चार महिने आपल्या घरी राहून यावं म्हटलं तर घरच नाही. आता नाशिकला गेले की पुतण्याकडे पाहुणे म्हणून उतरतात, आणि त्याच सोसायटीत पुन्हा फ्लॅट घेणं त्यांच्या आवाक्यात राहिलेलं नाही. म्हणून पुन्हा सांगते, इथले दोन हिवाळे काढल्याशिवाय विकायचा विषयच नको. भाड्यानं द्या, पण लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करूनच. मुलांना वाईट वाटलं तर वाटू द्या.

दुसरी मोठी गोष्ट तब्येतीची. ग्रीन कार्ड (इथे कायम राहण्याचा परवाना) मिळालं की मेडिकेअरही (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळतं, असं आपलेच लोक छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. इथे नोकरी न केलेल्यांना 65 वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. त्यानंतरही दरमहा हप्ता भरावा लागतो. तोवरचा विमा वेगळा घ्यायचा. तो कोण भरणार हे विमानात बसण्याआधी मुलांशी स्पष्ट बोला. संकोच केलात तर पुढे दोन्ही घरांना त्रास होतो. मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दातांचे उपचार, चष्मा आणि कानाचं मशीन बसत नाही. कवळी, रूट कॅनाल, मोतीबिंदू, सगळं नाशिकलाच उरकून या. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून आणा, इथल्या फार्मसीत आपले ब्रँड कुणी ओळखत नाही.

पैशांचं बोलायला आपल्याला आवडत नाही, पण ग्रीन कार्ड घेतलंत की जगभरातलं उत्पन्न इथल्या कर विवरणात दाखवावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचं वेगळं विवरण द्यावं लागतं. निवृत्तीच्या एफडी धरल्या तर जवळपास प्रत्येक जण त्यात येतो, आणि दंड जबर आहे. मुलाच्या भारतातल्या खात्यावर तुमचं नाव असेल तर तेही खातं मोजलं जातं. तिकडे बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या. अनिवासी झाल्यावर, टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक बँकेत देतात तो फॉर्म चालत नाही, व्याजावर टीडीएस कापला जातो. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये; जीवन प्रमाणच्या ॲपवर तो फोनवरूनच देता येतो. निफाड-दिंडोरीकडे शेती असेल तर ती राखता येते, पण अनिवासी म्हणून नवी घेता येत नाही.

खाण्यापिण्याची चिंता नको, एडिसनच्या ओक ट्री रोडवर सगळं मिळतं.

दिवस कसा जातो, हे मात्र कुणी सांगत नाही. गंगापूर रोडला राहणारा माणूस सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चार लोकांना भेटतो, येताना भाजी आणतो. इथल्या उपनगरात गाडी चालवता येत नसेल तर तुम्ही मुलाच्या सवडीवर अवलंबून. म्हणून पहिली फेरी व्हिजिटर व्हिसावर करा, आणि ती जानेवारीत करा. मे-जूनमधली हिरवी अमेरिका पाहून कुणीही भुलतं. इथल्या लायब्ररी आणि सीनियर सेंटर उत्तम आहेत, लोक मदतीला तत्पर आहेत, नियम सगळ्यांना सारखे आहेत. या देशाचं हे मला मनापासून आवडतं. आपल्याच काही मुलांचं मात्र आवडत नाही. नातवंडं लहान असेपर्यंत आई-बाबा हवेत, ती शाळेत रुळली की आई-बाबांचा दिवस कसा जातो हे विचारायला वेळ नाही.

ग्रीन कार्ड घेऊन वर्षभर नाशिकला राहण्याचा बेत करू नका. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर परतताना विमानतळावर प्रश्न विचारतात, वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात येतं. जास्त राहायचं असेल तर रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढा. ते दोन वर्षांपर्यंत मिळतं, पण त्याचा अर्ज इथे असतानाच करावा लागतो, नाशिकला पोचल्यावर नाही.