कमीत कमी हस्तक्षेपाची शेनिन ब्लाँ कशी निवडावी आणि कशी चाखावी

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात शेनिन ब्लाँ या द्राक्षापासून होणाऱ्या व्हाइट वाइनपैकी काही कमीत कमी हस्तक्षेपाच्या असतात. त्यांचा रस द्राक्षाच्या सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टनेच आंबतो, वाइन फारशी गाळली जात नाही आणि सल्फाइट (वाइन टिकवणारे गंधकयुक्त रसायन) अगदी थोडे घातले जाते किंवा मुळीच घातले जात नाही. अशी बाटली नेहमीच्या सवयीने थंडगार करून, उघडताक्षणी पेल्यात ओतून प्यायली, तर ती बिघडली आहे असा समज होण्याचा बराच संभव असतो.

आधी द्राक्ष समजून घ्यावे. शेनिन मुळातच आंबट असते आणि पूर्ण पिकल्यावरही तिचा आंबटपणा चांगलाच टिकून राहतो. आम्लता जास्त असली की उपद्रवी जिवाणूंना वाढणे अवघड जाते आणि घातलेले थोडेसे सल्फाइटही अधिक परिणामकारक ठरते; त्यामुळे वाइन जवळजवळ तिच्या मर्जीवर सोडण्याचे धाडस ज्या द्राक्षांच्या बाबतीत करता येते, त्यांत शेनिन वरच्या क्रमांकावर आहे असे माझे मत आहे. खोड एकच, की तिचे घोस एका वेळी पिकत नाहीत. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे बागाईतदार एकाच मळ्यातून दोन-तीन फेऱ्या मारून हाताने तोडणी करतात.

निवड करताना लेबलवर ‘सेक’ हा शब्द शोधावा. त्याचा अर्थ कोरडी, म्हणजे गोड नसलेली. ‘दमी-सेक’ किंचित गोड असते, तर ‘म्वालू’ चांगलीच गोड. पहिल्या वेळी सेकच घ्यावी, कारण साखर उरलेली आणि सल्फाइट नगण्य असेल, तर बाटलीतच पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू होऊ शकते. ‘व्हँ मेतोद नातुर’ हे 2020 पासूनचे फ्रेंच चिन्ह दिसले, तर द्राक्षे सेंद्रिय असून हातांनी तोडलेली आहेत आणि एकूण सल्फाइट लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत आहे, असे समजावे. कोरड्या व्हाइट वाइनसाठी युरोपीय संघाची सर्वसाधारण मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे, यावरून फरक लक्षात यावा. मात्र सगळेच उत्पादक हे चिन्ह घेत नाहीत. ल्वार खोऱ्यातल्या दोन गावांपैकी वुव्रेची वाइन चुनखडीच्या जमिनीतली, तर साव्हन्येरची बव्हंशी शिस्ट खडकावरची; दुसरी सहसा अधिक राकट लागते.

बाटली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात आणि निरुपद्रवी असतात. पिण्यापूर्वी वीसेक मिनिटे बाटली बाहेर काढावी. 11 ते 12 अंश सेल्सिअस तापमान योग्य. त्याहून थंड वाइनमध्ये आंबटपणाखेरीज फारसे काही कळत नाही.

उघडल्यावर घाई करू नये. माझ्या पहिल्या बाटलीला विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला आणि मी ती मोरीत ओतायला उठलोही होतो. कामात गुंतल्यामुळे पेला तसाच राहिला आणि अर्ध्या तासाने त्यातून सफरचंद, मध आणि शेनिनची खूणच मानला जाणारा ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. गंधकाचा असा वास बहुधा हवा लागल्यावर जातो. जिभेला बारीक बुडबुडे टोचत असतील, तर वाइन रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून हलवावी.

काही दोष मात्र हवेने सुधारत नाहीत. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा उग्र वास हा त्यांपैकी एक. दुसरा अधिक फसवा आहे: नाकाला काहीच कळत नाही, घोट गिळल्यानंतर काही सेकंदांनी उंदरांच्या पिंजऱ्याची आठवण करून देणारी चव मागे उरते, कारण लाळेमुळे तोंडातली आम्लता कमी झाल्यावरच ती प्रकट होते. काही जणांना ती मुळीच जाणवत नाही, म्हणून सोबत्यालाही विचारावे.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. निर्दोष शेनिन दुसऱ्या दिवशी अनेकदा अधिक मोकळी लागते. उंदरी दोष असेल, तर तो तोवर वाढलेला असतो. तळाचा शेवटचा घोट बाटलीतच राहू द्यावा. गाळाने अपाय होत नाही, पण तोंडात पिठूळ लागते.