पावसाचं बडबडगीत: ॲनिमेशन व्हिडिओ ठेक्यापासून अपलोडपर्यंत

बडबडगीताच्या व्हिडिओत आधी आवाज पक्का करायचा, मग चित्र काढायचं. चित्रं तयार करून त्यांवर गाणं बसवलं की हातवारे ठेक्याबाहेर जातात, आणि ते सावरताना अर्धं ॲनिमेशन नव्याने करावं लागतं. तीन-चार वर्षांचं मूल व्हिडिओ बघताना सोबत म्हणत असतं, ठेक्यावर उड्या मारत असतं. चित्र त्या ठेक्यावर नसेल तर त्याचं म्हणणं थांबतं आणि ते नुसतं बघत राहतं. हे टाळण्यासाठीच पुढची सगळी मेहनत आहे.

उदाहरणाला ‘ये रे ये रे पावसा’ घेऊ. हे गीत पारंपरिक आहे, त्यामुळे शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण किंवा दुसऱ्याने बांधलेली नवी चाल उचलता येत नाही. सर्वांच्या तोंडी असलेलं प्रत्येक गाणं पारंपरिक असतंच असं नाही. ‘सांग सांग भोलानाथ’ मंगेश पाडगावकरांचं आहे. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ रोजी गेले, म्हणजे २०७५ अखेरपर्यंत त्या शब्दांसाठी परवानगी हवी.

लय मिनिटाला ९० मात्रा आणि व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा ठेवा. मग एका मात्रेला बरोबर १६ फ्रेम येतात आणि पुढचा सगळा हिशेब पूर्णांकात सुटतो. गाण्याची एक छोटी ओळ ४ मात्रांची, म्हणून दोन ओळी म्हणजे केरव्याचं, आठ मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन (पूर्ण फेरी), १२८ फ्रेम. आठ ओळींचं गाणं चार आवर्तनांत बसतं. ते तीनदा घ्या, सुरुवातीला एक आवर्तन नुसतं वाद्यांचं आणि मधल्या दोन जागांत एकेक आवर्तन मोकळं ठेवा. एकूण १५ आवर्तनं, ८० सेकंद, १९२० फ्रेम. मधल्या मोकळ्या आवर्तनांत शब्द भरायचा मोह टाळा. मूल तिथे श्वास घेतं, हसतं, पुन्हा तयार होतं.

गाणाऱ्याच्या कानात मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, हवाच. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका धरा, नाहीतर ‘पावसा’, ‘पैसा’मधला प फटकन फुटतो. सूर पेटीवरच्या पांढरी एक ते पांढरी सहा या पट्ट्यांच्या आत राहू द्या. त्यावर गेलं की लहान मुलं गायचं सोडून ओरडायला लागतात. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर साठवा. वाद्यं आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. मिश्रण झालं की मोबाइलच्या स्पीकरवर ऐका: तिथे डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून ठेका मंजिरी किंवा टाळीनेही धरलेला असावा.

आता ओपनटून्झ किंवा ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडा. दोन्ही मोफत आहेत. चित्र काढण्याआधी प्रकल्पाची फ्रेमगती २४ आहे ना, हे तपासा. ती ३० वर राहिली तर १६ फ्रेमचा हिशेब पहिल्याच मात्रेपासून चुकतो. आधी साध्या रेघांची चित्रं गाण्यावर मांडून सगळी ८० सेकंदं बघून घ्या. एका आवर्तनात एकच दृश्य पुरे. दर सेकंदाला दृश्य बदललं की मुलाची नजर खिळते खरी, पण पैसा खोटा निघाल्याचं आणि मडकं वाहून गेल्याचं त्याला कळत नाही.

प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर मात्रेला आठ चित्रं लागतात. टाळी, उडी, मडक्यावर पडणारा थेंब यांचा आघात ठेक्याच्या दोन फ्रेम आधी ठेवा. अगदी ठेक्यावर ठेवला तर तो उशिरा आल्यासारखा भासतो. ओठांसाठी सहा आकार पुरतात: मिटलेले (प, ब, म), उघडे (आ), ताणलेले (इ, ए), गोल (उ, ओ), खालच्या ओठाला दात टेकलेले (व) आणि स्वस्थ. ल आणि ळ यांना वेगळे आकार नकोत, फरक बाहेरून दिसत नाही. मिटलेले ओठ किमान दोन फ्रेम दिसले पाहिजेत, नाहीतर ‘पावसा’ ‘आवसा’ दिसतं.

पाऊस दोन थरांत काढा: पुढचा १६ फ्रेमचा, मागचा २४ फ्रेमचा. एकच थर असला तर तेच थेंब दर मात्रेला तिथेच पडताना दिसतात. विजेबाबत मात्र तडजोड नको. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखू देऊ नका, आणि लाल-निळ्याची उघडझाप तर नकोच. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या अशाच लखलखाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. आकाश हळूहळू उजळून मावळलं तरी वीज कळते.

खाली शब्द दाखवणार असाल तर ‘ि’ अक्षरानंतर सरकत नाही ना आणि जोडाक्षर तुटत नाही ना, हे फ्रेम थांबवून बघा. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये असं झालं तर सेटिंगमधलं दक्षिण आशियाई मजकुराचं इंजिन निवडा. इतर सॉफ्टवेअरमध्ये इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरात ओळ लिहून चित्र म्हणून आणणं सोपं. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असलेलाच फॉन्ट घ्या. मूल अक्षरओळख इथेच करतं.

यूट्यूबवर टाकताना ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडणं बंधनकारक आहे. जानेवारी २०२० पासून अशा व्हिडिओंवर टिप्पण्या, कार्ड आणि शेवटचा ‘पुढचा व्हिडिओ’ फलक चालत नाही, त्यामुळे त्या फलकासाठी शेवटी रिकामी २० सेकंदं राखू नका. पारंपरिक गाण्यांवरही आपोआप हक्काचे दावे येतात, कारण त्याच गाण्याचं दुसऱ्या कुणाचं ध्वनिमुद्रण तिथे नोंदलेलं असतं. आवाजाचे सुटे ट्रॅक आणि मूळ प्रकल्पाची फाइल तारखेसह जपून ठेवली असेल तर हरकत घेताना आपलं काम आपलंच असल्याचं दाखवता येतं.