बाल्साच्या ट्रेनर विमानाची शेपटी कशी जोडावी

रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या, बाल्सा या हलक्या लाकडाच्या ट्रेनर (शिकाऊंसाठीच्या) विमानाच्या शेपटीत आडवा स्टॅबिलायझर, त्याच्यामागे हलणारा एलिव्हेटर, उभी फिन आणि तिच्यामागचा रडर असे चारच भाग असतात. गोंद लावायला फारसा वेळ लागत नाही. वेळ द्यावा तो त्याआधीच्या मापांना, कारण इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) घट्ट झाल्यावर तिरका बसलेला स्टॅबिलायझर सरळ करता येत नाही.

सगळी मापे पंखावरून घ्यायची असल्याने पंख आधी पक्का बसवून त्याच्या दोन्ही टोकांपासून फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर सारखे असल्याची खात्री करावी. मग स्टॅबिलायझर गोंदाविना फ्यूजलाजच्या खाचेत सरकवावा आणि पंखाच्या टोकापासून त्याच बाजूच्या स्टॅबिलायझरच्या टोकापर्यंतचे अंतर न ताणणाऱ्या दोऱ्याने दोन्हीकडे मोजावे. दोन-तीन मीटर मागे उभे राहून पाहिल्यास तो पंखाला समांतर दिसला पाहिजे. एक बाजू वर दिसत असेल, तर खाचेची तीच बाजू पॉलिश पेपरने थोडी थोडी घासावी.

जागा ठरल्यावर फ्यूजलाजच्या कडेने स्टॅबिलायझरवर खाली-वर पेनाच्या रेघा ओढाव्यात आणि रेघांच्या दोन मिलिमीटर आतून कव्हरिंग फिल्म (लाकडावर चिकटवलेले पातळ प्लास्टिकचे आवरण) काढावी, कारण गोंद लाकडाला धरतो, फिल्मला नाही. येथे ब्लेड दाबून चालवू नये. स्टॅबिलायझरवर सर्वाधिक ताण नेमका याच रेषेवर येतो आणि बाल्सावर पडलेला बारीकसा चरासुद्धा हवेत त्याचे दोन तुकडे करू शकतो. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक पट्टीच्या आधाराने हलकेच फिरवल्यास फिल्म वितळून तुटते आणि लाकूड शाबूत राहते.

एलिव्हेटरचे दोन भाग जोडणारी तार असल्यास ती गोंदापूर्वीच खाचेत ठेवावी. नंतर ती बऱ्याच विमानांत आत जात नाही. इपॉक्सी तीस मिनिटांचे घ्यावे, म्हणजे मापे पुन्हा तपासायला सवड मिळते. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. शेपटीकडचे वजन गुरुत्वमध्यापासून लांब असल्याने मागे वाढलेल्या एका ग्रॅमसाठी पुढे नाकात त्याच्या कितीतरी पट शिसे घालावे लागते. फिन मात्र गुण्या लावून स्टॅबिलायझरशी काटकोनात उभी करावी.

एलिव्हेटर आणि रडर जोडणाऱ्या सीए हिंजच्या (सीए या झटपट गोंदाने चिकटवायच्या पातळ बिजागरीच्या) मध्यावर टाचणी टोचावी, म्हणजे ते दोन्ही भागांत निम्मे-निम्मे जाते. दोन भागांमधली फट कागदाच्या जाडीइतकीच ठेवून टाचण्या काढाव्यात आणि प्रत्येक हिंजवर दोन्ही बाजूंनी पातळ सीए गोंदाचे पाच-सहा थेंब सोडावेत. जाड गोंद हिंजच्या आत झिरपत नाही. गोंद वाळल्यावर एलिव्हेटर आणि रडर जोर लावून ओढून पाहावेत. कंट्रोल हॉर्न (एलिव्हेटर आणि रडरवरचे, सर्व्होची सळई जोडायचे छोटे दांडे) शेवटी लावावेत आणि त्यांची भोके बरोबर हिंजच्या रेषेवर येतील असे पाहावे, नाहीतर सर्व्हो (हे भाग हलवणारी छोटी मोटर) सारखाच फिरूनही एलिव्हेटर वर आणि खाली वेगवेगळा वळतो.