उंटाच्या कुबडात पाणी नसतं! वाळवंटाबद्दल सांगताना या चुका टाळा

वाळवंटातले प्राणी-झाडं कशी जगतात असं विचारलं की नव्वद टक्के लोक एकच उत्तर ठोकून देतात, 'पाणी साठवून ठेवतात'. गडबड इथेच होते, कारण तिथे साठवण्यापेक्षा पाणी वाया न घालवण्याला जास्त महत्त्व आहे.

उंटाचंच घ्या. कुबडात चरबी असते. मग तो पाण्याशिवाय इतके दिवस काढतो कसा? तर तहानलेला उंट सरळ अंग तापू देतो, पहाटे ३४ अंशांच्या आसपास असलेलं त्याचं टेम्परेचर दुपारी ४० च्या वर जातं, एवढ्या तापात आपण अंथरूण धरलं असतं पण तो घाम न गाळता चालत राहतो आणि रात्री गार हवेत ती उष्णता आपोआप निघून जाते. लघवी घट्ट, लेंड्या एकदम सुक्या. कांगारू रॅट हा वाळवंटातला उंदरासारखा प्राणी तर त्याच्याही पुढे, कोरडं बी पचताना शरीरात जे पाणी तयार होतं त्यावरच जवळजवळ भागवतो.

कॅक्टस मात्र खरंच पाणी साठवतो, पण टिकवतो कसं ते कुणी लिहीतच नाही. पानांचे काटे झालेले, खोडावर मेणाचा थर, आणि खोडावरची हवा घेणारी छिद्रं उघडतात ती रात्री, म्हणजे पाणी कमी उडतं! बरं, 'मुळं खूप खोल जातात' हेही सरसकट लिहू नका. मेस्कीट या काटेरी झाडाची जातात, पण सग्वारो हा उंच कॅक्टस ४० फूट वाढला तरी त्याची बरीचशी मुळं वरच्या वीतभर मातीतच लांबवर पसरलेली असतात, पाऊस पडला रे पडला की पिऊन घ्यायचं आणि परत कोरडं राहायचं.

कुंडीतला कॅक्टस बुडाशी मऊ पडत असेल तर त्याचंही कारण हेच, मुळांना मधे कोरडं राहायलाच मिळत नाही. रोज घोटभर पाणी घालू नका, एकदाच भरपूर घाला आणि माती पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका. सड लागलीच असेल तर वरचा चांगला भाग कापा, काप काही दिवस सुकू द्या, मग वाळूमिश्रित मातीत लावा.

आणि हो, वाळवंटात अडकलात तर कॅक्टस फोडून पाणी प्यायचं हे सिनेमातलं खूळ डोक्यातून काढा. बऱ्याच जातींचा रस पोटात गेला की उलट्या-जुलाब होतात, म्हणजे होतं तेही पाणी गेलं.