जुनी वेकबोर्ड बोट: मागितलेल्या भावातून काय काय वजा करायचं

वेकबोर्ड बोट म्हणजे फळीवर उभ्या माणसाला दोरीने मागून ओढणारी बोट. टेक्सासातल्या ऑस्टिनजवळ लेक ट्रॅव्हिस हे तळं असल्यामुळे मंडळातलं कुणी ना कुणी उन्हाळ्याच्या तोंडावर विचारतंच, "ताई, बोट बघितलीय, भाव बरोबर वाटतो का?" माझा पहिला सल्ला असतो की आत्ता घेऊ नका. मार्च ते जून गिऱ्हाइकांची झुंबड असते. ऑक्टोबर उलटला की विकणाऱ्याला बोट ठेवायच्या जागेचं भाडं डोळ्यांपुढे दिसू लागतं आणि तो घासाघीस ऐकून घेतो.

त्याच मॉडेलच्या, वर्ष-दोन वर्षं पुढेमागे असलेल्या आठ-दहा जाहिराती काढा आणि महिनाभर नजर ठेवा. जी तशीच पडून राहते तिचा भाव बहुधा चढा असतो. जुन्या बोटींचे अंदाजे भाव देणाऱ्या जे. डी. पॉवरचा आकडाही बघा, पण त्या आकड्याला तुमच्या समोरच्या बोटीची हालत ठाऊक नसते.

मालिबू कंपनीची बोट घेत असाल तर 2013 ही मोठी रेघ. त्या मॉडेलवर्षी सर्फ गेट आलं, म्हणजे बटण दाबून बोटीमागे सर्फिंगची लाट मिळू लागली. आज बरीच कुटुंबं सर्फिंगसाठीच बोट घेतात, त्यामुळे आधीची बोट कितीही चकचकीत असली तरी तिला नंतरच्या बोटीचा भाव देऊ नये. तुम्हाला नुसतं वेकबोर्डिंगच करायचं असेल तर मात्र हीच स्वस्ताई तुमच्या पथ्यावर पडते.

मीटरवरच्या कमी तासांना लोक फार भुलतात. वर्षाला 50 ते 100 तास हा सर्वसाधारण वापर. दहा वर्षांत जेमतेम 150 तास झाले असतील तर ती बोट बहुतेक उभीच होती: पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र (इम्पेलर) कडक झालेलं, पेट्रोल शिळं. दरवर्षी ऑइल बदलल्याच्या पावत्या असतील तर 700 तासांच्या बोटीला मी जास्त पैसे देईन.

टेक्सासात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: फेब्रुवारी 2021 मध्ये ही बोट कुठे होती? यातल्या पुष्कळ बोटींच्या इंजिनात थंडाव्यासाठी तळ्याचंच पाणी फिरतं. ते काढून न टाकता पारा शून्याखाली गेला, की पाण्याचा बर्फ होताना सुमारे नऊ टक्के फुगतो आणि लोखंडी ब्लॉक तडकतो. आमच्याकडे थंडी दोन दिवसांची, म्हणून कित्येक जण पाणी काढायचा कंटाळा करून इंजिनाशेजारी छोटा हीटर लावून ठेवत. फेब्रुवारी 2021 च्या त्या कडाक्याच्या थंडीत वीजच गेली. तेव्हा टॉर्च घेऊन ब्लॉकच्या बाजूंवर चिकटपट्टी, इपॉक्सी किंवा गंजाचा ओघळ शोधा. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दुधाळ दिसलं (त्यात पाणी शिरलंय) तर भावाची बोलणी तिथेच थांबवा.

मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर ते हाताला कोमट लागलं तर काहीतरी लपवतोय असं समजा. मग पाण्यात न्या. बॅलास्टच्या, म्हणजे लाट मोठी व्हावी म्हणून वजनासाठी पाणी भरायच्या, सगळ्या टाक्या भरा आणि रिकाम्या करा, बंद पंप इथेच कळतो. वेग वाढवताना तळाशी थरथर जाणवली तर प्रोपेलर किंवा त्याला फिरवणारा दांडा (शाफ्ट) वाकलेला असू शकतो. प्रोपेलरचं काम स्वस्तात होतं, शाफ्टचं नाही. मालक ही पाण्यातली चाचणी टाळत असेल तर निघून या.

वजाबाकी अशी. समजा 48,000 डॉलर मागितलेत. सीटांचं व्हिनाइल फाटलंय, 4,000. ट्रेलरचे टायर आणि ब्रेक, 1,200. एक पंप, 500. मी 42,300 च्या आत बोलेन आणि अंदाजपत्रकं टेबलावर ठेवेन. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूचे चार आकडे वाचा: 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. स्टिरिओ आणि रोषणाईचे मी एक डॉलरही जादा धरत नाही, विकणाऱ्याने त्यावर कितीही खर्च केलेला असो.

मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला बारा अक्षरांचा क्रमांक टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या दाखल्यावरच्या, क्रमांकाशी ताडून बघा, शेवटचे दोन आकडे मॉडेलवर्षाचे. बोटीचं टायटल पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं, ट्रेलरचे कागद वेगळे. कर्ज बाकी असेल तर पैसे थेट मालकाला कर्ज देणाऱ्या बँकेत जाऊन भरा. आणि 6.25 टक्के विक्रीकर बजेटात आधीच धरा, तो भावात येत नाही.